पाणी राखायचं, बांधायचं, घालवायचं

फरसबीच्या कोवळ्या शेंगेत दर १०० ग्रॅममागे सुमारे ९० ग्रॅम पाणी असतं. कांद्यात ८८च्या आसपास, गाईच्या दुधात ८७. बाजारात डबीत मिळणाऱ्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये तर ९२पर्यंत जातं. म्हणजे या चार जिनसांची पिशवी भरून आपण घरी निघतो तेव्हा खरं तर पाण्याची पिशवीच उचललेली असते.

आता हेच चार जिन्नस घेऊन ओव्हनमध्ये भाजायचा एक पदार्थ आहे, ग्रीन बीन कॅसरोल. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगच्या जेवणात तो हमखास असतो. तिथल्या शाकाहारी मराठी घरांना त्याची चांगली ओळख आहे, कारण टर्कीच्या त्या मेजवानीत त्यांचा हात आधी याच भांड्याकडे जातो. फरसबी शिजलेली पण दाताखाली लागणारी, तिच्याभोवती दाट पांढरा सॉस आणि वर तळलेल्या कांद्याचा कुरकुरीत थर. सगळं पाणीच होतं ना? मग एकाच भांड्यात एक जिन्नस रसदार राहिला, दुसरा दाट झाला आणि तिसरा वाळक्या पानासारखा चुरचुरीत, हे घडलं कसं? मला या पदार्थाचं वेड लागलं ते चवीपेक्षा या प्रश्नामुळे. फरसबीत पाणी राखायचं, दुधातलं बांधायचं आणि कांद्यातलं घालवायचं, अशी तीन उलटसुलट कामं स्वयंपाकघरात एकाच वेळी चालतात.

आणि हा पदार्थ करून बघायला जुन्नर तालुक्यातल्या आळेफाट्याइतकी सोयीची जागा नाही. पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. पश्चिमेला माळशेज घाटात पाऊस कोसळतो, फाट्यापर्यंत येता येता त्याचा जोर ओसरतो आणि पूर्वेला आणे पठारावर पोचेपर्यंत प्यायच्या पाण्याचेही वांधे होतात. एकाच तालुक्यात इतका फरक. मधल्या पट्ट्याला तारलं ते कुकडी प्रकल्पाने. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि शेजारच्या आंबेगावातलं डिंभे, या धरणांच्या कालव्यांवर इथला भाजीपाला उभा आहे. पाणी राखायचं कसं, हे या मुलखातल्या माणसाला शिकवायला नको. फाट्यावरच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव होतात, दूध गावोगावच्या डेअऱ्यांवर गोळा होतं, आणि फरसबी, जिला बाजारात कुणी फरशी म्हणतं तर कुणी घेवडा, तोड्याच्या दिवसांत ताजी मिळते. मशरूम तेवढे शोधावे लागतात, पण हल्ली तेही मिळतात.

या सगळ्यांत सर्वांत लांबून आलेली पाहुणी कोण, तर फरसबी. तिचं मूळ घर अमेरिका खंड. मेक्सिकोच्या बाजूला आणि दक्षिणेकडे अँडीज पर्वतात, अशा दोन ठिकाणी माणसाने हा रानवेल स्वतंत्रपणे माणसाळवला. सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून जुन्नरचा व्यापार चालायचा, तेव्हा इथे ना फरसबी होती, ना टोमॅटो, ना मिरची, ना बटाटा. नारायणगावच्या टोमॅटो बाजारातली गर्दी पाहताना हे खरं वाटत नाही. हा सगळा परिवार १४९२नंतर समुद्र ओलांडून निघाला आणि युरोपमार्गे आपल्याकडे येऊन असा रुळला, की साताऱ्याच्या कोरेगाव भागातल्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वाघ्या घेवडा, राजमा आणि फरसबी ही एकाच जातीची पिकं. दाणा वाळू दिला तर घेवडा, कोवळी शेंग तोडली तर फरसबी.

पूर्वीच्या शेंगांना दोन्ही कडांनी जाड शिरा असायच्या आणि त्या सोलून काढाव्याच लागायच्या. न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावच्या कॅल्विन कीनी यांनी १८९०च्या दशकात बिनशिरांची शेंग निपजवली. आज निवडायला बसलो की देठ मोडून काम भागतं, ही त्यांची पुण्याई. संध्याकाळचा अर्धा तास वाचवणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक असायला हवं, असं मला वाटतं.

कॅसरोलचा जन्म मात्र शेतावरचा नाही. न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये कॅम्पबेल या सूप कंपनीचं प्रयोगाचं स्वयंपाकघर होतं. तिथे १९५५ साली डॉर्कस रायली यांनी हा पदार्थ बसवला. अमेरिकी घरातल्या फडताळात हमखास असणाऱ्या दोन गोष्टी, फरसबी आणि मशरूम सुपाचा डबा, यांच्यातून झटपट काहीतरी करून दाखवायचं होतं. सुपाचा एक डबा, अर्धा कप दूध, चमचाभर सोया सॉस, चिमूटभर मिरपूड, शिजवलेली फरसबी आणि तळलेला कांदा, एवढंच. रायलीबाईंचं ते मूळ कृतीचं कार्ड २००२ साली अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये गेलं. कृतीचं कार्ड यंत्रांच्या शोधांशेजारी ठेवलं गेलं, यात मला काही अजब वाटत नाही. २०१८ साली वयाच्या ९२व्या वर्षी त्या वारल्या.

सुपाच्या त्या डब्याची कुळकथाही पाण्याचीच आहे. त्याच कंपनीतल्या जॉन डोरन्स या रसायनतज्ज्ञाने १८९७मध्ये सुपातलं बरंचसं पाणी काढून टाकायची युक्ती साधली. सूप आटलं, डबा लहान झाला, वाहतूक स्वस्त झाली. पाणी गिऱ्हाइकाने घरी घालायचं. मशरूमचं सूप त्यानंतर १९३४ साली आलं. आळेफाट्याला ते डबे शोधत बसण्यात अर्थ नाही आणि गरजही नाही. ताजं दूध दारात असताना डब्याचं सूप कशाला? सॉस घरीच करू.

पण आधी फरसबी. ताजी शेंग मोडली की कट् असा आवाज येतो. तो आवाज पाण्याच्या दाबाचा. शेंगेतली प्रत्येक पेशी पाण्याने तट्ट फुगलेली असते आणि आतून भिंतीवर सतत रेटत असते. हा दाब केवढा? फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे मोटारीच्या चाकात भरतात, त्या हवेच्या तोडीचा, पुष्कळदा त्याहून जास्तच. एवढा दाब अंगात घेऊन शेंग निमूट टोपलीत पडलेली असते. शिळी झाली की थोडं पाणी उडतं, दाब उतरतो आणि ती मोडण्याऐवजी वाकते. वाकणारी शेंग या पदार्थाला घेऊ नये.

अर्धा किलो शेंगांचे दोन-दोन इंचांचे तुकडे करायचे आणि मोठ्या पातेल्यात खळखळत्या, मीठ घातलेल्या पाण्यात सोडायचे. पहिल्या अर्ध्या मिनिटात काय होतं ते पातेल्यावर वाकून बघावं. हिरवा रंग एकदम उजळतो, जणू आतून कुणी दिवा लावला. पेशींच्या मधल्या फटींत अडकलेली हवा, जी रंगावर धुकं धरून होती, ती बुडबुड्यांतून निघून जाते आणि हरितद्रव्य आपल्याला प्रथमच नीट दिसतं. पण हा उजाळा फार टिकत नाही. उष्णतेने पेशींच्या भिंती सैल पडतात, आतली आम्लं बाहेर येतात आणि हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध बसलेला मॅग्नेशियमचा अणू हुसकावून लावतात. एकच अणू गेला, की हिरव्याचा मेहंदी रंग होतो! झाकण न ठेवता उकळलं तर काही आम्लं वाफेबरोबर निघून जातात, म्हणून पातेलं उघडंच ठेवायचं. खाण्याचा सोडा घातला तर रंग राहतो, पण शेंगेचा गाळ होतो. तो मोह टाळावा.

पाणी खळखळतं असावं, यालाही कारण आहे. शेंगेच्या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. ५५ ते ६५ अंशांच्या मधल्या कोमट टप्प्यात शेंग रेंगाळली, तर तिच्यातलंच एक विकर जागं होतं आणि पेक्टिनची अशी रचना करतं, की कॅल्शियम त्यात घट्ट पकड घेतं. मग पुढे कितीही शिजवा, शेंग मऊ पडायला तयार नसते. डबाबंद भाज्यांचे कारखाने हा गुण मुद्दाम कामाला लावतात. आपल्याला तो नको. त्यामुळे पाणी भरपूर हवं, म्हणजे शेंगा घातल्यावर ते फार थंड होत नाही. इथे पाण्याची जातही महत्त्वाची. काळ्या खडकातल्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी बहुतेक जड, त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. 'या पाण्यात डाळ शिजत नाही' हे बायका पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आल्या आहेत, आणि त्यांचं म्हणणं रसायनशास्त्राच्या कसोटीवर चोख उतरतं. डाळीचं पेक्टिन काय आणि शेंगेचं काय, कॅल्शियमने ते सारखंच आवळलं जातं. तेव्हा फरसबी पिण्याच्या गोड्या पाण्यात उकळावी. दुधातही कॅल्शियम असतं. म्हणूनच कच्ची फरसबी थेट दुधाच्या सॉसमध्ये घालून शिजवायची घाई करू नये. पाच-सहा मिनिटं उकळली, दाताखाली किंचित कट् लागते आहे, की काढून गार पाण्यात टाकायची आणि निथळून घ्यायची. ती कच्ची राहता कामा नये. घेवड्याच्या जातीत लेक्टिन नावाचं विष असतं, वाळल्या दाण्यात पुष्कळ आणि कोवळ्या शेंगेत कमी. सणसणीत उकळीने ते मोडतं, नुसत्या कोमट आचेवर नाही.

आता दूध. पातळ, वाहतं, घरंगळतं दूध दहा मिनिटांत चमच्याला धरून राहतं, आणि त्यासाठी लागतो तीन चमचे मैदा. मला विचाराल तर या पदार्थातला सर्वांत मोठा चमत्कार हाच.

मैद्यात पिष्टाचे सूक्ष्म कण असतात. एकेका कणात साखरेच्या लांबलचक साखळ्या घट्ट गुंडाळून बसलेल्या असतात. थंड दुधात ते नुसते तरंगतात. दूध ६० अंशांच्या आसपास गेलं, की कणांच्या आतले बंध सुटू लागतात आणि कण पाणी पिऊन फुगत जातात, मूळ आकाराच्या कित्येक पट. काही साखळ्या बाहेर निसटून दुधात जाळं विणतात. आता पाण्याला वाहायला वाट उरत नाही. पाणी तेवढंच आहे, एक थेंब कमी झालेला नाही, पण ते जखडलं गेलं. आटवून दाट करणं वेगळं आणि बांधून दाट करणं वेगळं. बासुंदीत आपण पाणी घालवतो. पिठल्यात बांधतो. हा सॉस पिठल्याच्या घराण्यातला.

गुठळ्या का होतात, तेही यातच आलं. कोरडं पीठ गरम दुधात पडलं, की गोळ्याचा बाहेरचा थर क्षणात फुगून चिकट होतो आणि आतलं पीठ कोरडंच कोंडलं जातं. म्हणून आधी तीन चमचे लोण्यात पीठ परतायचं. प्रत्येक कणाभोवती स्निग्धाचा पातळ पदर येतो आणि कण एकमेकांपासून सुटे राहतात. मंद आचेवर दोनेक मिनिटं, कच्चा वास जाईतो, रंग फारसा न बदलता. मग दोन कप दूध थोडं थोडं घालत हलवत राहायचं. सुरुवातीला वाटतं, हे काही दाट होत नाही. उकळी जवळ आली, की पळीच्या मागे ओघळ उठतो आणि भांड्याचा तळ दिसू लागतो. तिथे आणखी तीन-चार मिनिटं शिजवायचं.

मशरूम दोनशे ग्रॅम, काप करून, वेगळ्या तव्यावर मोठ्या आचेवर. ते आधी इतकं पाणी सोडतात की तवा भरून जातो. ते पूर्ण आटू द्यायचं. जास्त शिजतील ही भीती नको, कारण मशरूमच्या पेशींच्या भिंती कायटिनच्या असतात, म्हणजे किड्यांच्या पाठीचं कवच ज्याचं बनतं तेच द्रव्य, आणि उकळीने ते विरघळत नाही. पाणी गेलं की मागे चव दाटते. त्यात ग्लुटामेट असतं. १९०८ साली जपानच्या किकुनाए इकेदांनी समुद्रशैवालाच्या सारातून हेच द्रव्य वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडची एक चव जगाला दाखवली. रायलीबाईंनी कृतीत सोया सॉसचा एक चमचा का घातला, ते यावरून उमगतं. सोया सॉसही ग्लुटामेटचं भांडार. मशरूम नकोच असतील तर लसूण आणि मिरपूड जरा जास्त घालावी. पदार्थ होतो, पण ती खोली येत नाही, हे खरं.

दूध, भाजीची आम्लं आणि उष्णता एकत्र आली तर दूध फाटायला हवं. इथे ते फाटत नाही, कारण पिष्टाचं जाळं दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांना एकमेकांना बिलगू देत नाही. ताकाची कढी करताना बेसन लावतात ते याच कामासाठी. ज्या माउलीने कढीला पहिल्यांदा बेसन लावलं, तिला केसीन माहीत नव्हतं. कढी फुटत नाही हे माहीत होतं.

कांदा हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा इथे जरा रेंगाळतो. तळायला कोणता घ्यावा? गावरान कांदा उन्हाळ्याच्या तोंडी निघतो, काटणी करून साठवणीच्या बराखीत पडतो आणि महिनोन्‌महिने तिथे वारं खात राहतो. वजनात घट येते म्हणून शेतकरी हळहळतो. लिलावात दहा किलोला भाव पुकारला जातो तेव्हा ती घट खिशाला लागते, आणि ती हळहळ अगदी खरी. पण कढईला मात्र हाच कांदा मानवतो. जे घटलं ते पाणी होतं, आणि तळणीत तेच तर घालवायचं असतं. पावसाळ्यानंतर येणारा नवा लाल कांदा पाणचट, तो कढईत बराच वेळ घेतो. प्रतवारीत गोळा, म्हणजे मोठा कांदा घ्यावा, म्हणजे लांब सुबक काप पडतात.

कापताना डोळ्यांत पाणी येतं, तेही कांद्याचं एक नवलच. अखंड कांद्याला तो उग्रपणा नसतो. पेशी चिरली की वेगवेगळ्या कप्प्यांतली द्रव्यं एकत्र येतात, विकरं कामाला लागतात आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तिथल्या तिथे तयार होतो. त्यातलं नेमकं विकर जपानी संशोधकांना सापडलं ते थेट २००२ साली.

दोन मोठ्या कांद्यांचे पातळ काप, चिमूटभर मीठ लावून दहा मिनिटं ठेवायचे. मीठ पाणी ओढून घेतं. ते टिपून, वर थोडा मैदा भुरभुरून मध्यम तापलेल्या तेलात सोडायचे. तेल १६० अंशांवर असलं तरी काप १००च्या वर जात नाहीत, कारण आलेली सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. कढईत जो फेसाळ कल्लोळ उठतो तो तेलाचा नाही, बाहेर पडणाऱ्या वाफेचा. मग हळूहळू बुडबुडे विरळ होतात, आवाज बारीक होतो. पाणी संपत आलं. आता कुठे कापांचं तापमान चढतं, साखर आणि अमिनो आम्लं एकमेकांना भिडतात आणि लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केलेली ती तांबूस रंगाची आणि खमंग वासाची प्रक्रिया सुरू होते. इथून पुढे सगळं फार वेगाने घडतं. सोनेरी दिसताच काढावं. बाहेर आल्यावरही रंग आणखी एक पायरी चढतो.

फरसबी, मशरूम, सॉस, मीठ, मिरपूड आणि चमचाभर सोया सॉस एकत्र करून पसरट भांड्यात ओतायचं. ओटीजी १७५ अंशांवर, पंचवीस मिनिटं. ओटीजी नसला तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर, त्यावर जाळी, वर भांडं आणि झाकण. वरचा कांदा आधीच तळलेला असल्याने काही अडत नाही.

ओव्हन १७५वर आहे आणि तरी सॉस करपत नाही. का? पुन्हा पाणी. एक ग्रॅम पाणी शून्यापासून १०० अंशांपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता त्याच उकळत्या ग्रॅमची वाफ करायला लागते. म्हणून जोवर सॉसमध्ये पाणी आहे, तोवर तो १००च्या आसपासच बुदबुदत राहतो. पाण्याचे रेणू हायड्रोजनच्या बंधांनी एकमेकांना असे धरून असतात, की सोडवताना एवढी किंमत मोजावी लागते. फाट्यापासून जवळच, खोडदला, जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. विश्वाच्या लांबच्या कोपऱ्यांतल्या हायड्रोजनचा मंद रेडिओ संदेश टिपणं हे त्यांचं एक मोठं काम. विश्वाच्या अगदी आरंभी जो हायड्रोजन जन्मला, तोच या भांड्यात बुदबुदतो आहे आणि भाजी करपू देत नाही. हे मनात आलं की मी ओव्हनच्या काचेसमोरून हलत नाही.

कांदा मात्र शेवटच्या पाच मिनिटांसाठीच वर पसरायचा. रायलीबाईंच्या कृतीतही तळलेल्या कांद्याचा काही वाटा असाच अखेरीस येतो. आधी घातला तर खालून चढणारी वाफ तो पिऊन घेतो, आणि कढईत एवढ्या कष्टाने घालवलेलं पाणी आयतं परत येतं. सगळ्यात वरच्या, कोरड्या थरालाच ओव्हनची पूर्ण आच लागते, तिथेच रंग धरतो.

भांडं बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबावं, सॉस आळतो. उरलं तर दुसऱ्या दिवशी कडेला थोडं पाणी सुटलेलं दिसेल. गार झाल्यावर पिष्टाच्या साखळ्या पुन्हा एकमेकींच्या जवळ सरकतात आणि मधलं पाणी बाहेर ढकलतात. भाजी खराब झालेली नसते. दोन चमचे दूध घालून मंद आचेवर हलवलं, की ते पुन्हा बांधलं जातं. कांद्याचा थर मात्र रात्रभरात मऊ पडलेला असतो, तो खाली मिसळून टाकावा आणि वर नवा तळून घालावा. बराखीत अजून कांदा आहे.